कबूल कर आणि मोकळा हो

गेली बत्तीस वर्षं मी वकिलांचे काळे कोट शिवतो आहे. बंगळूरच्या जुन्या पेटेत, म्हणजे बाजारपेठेत, कोर्टापासून चालत दहा मिनिटांवर आमचं दुकान आहे. आमचे लोक इथे नेमके कधी आले ते घरात कुणालाच धड सांगता येत नाही. घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि रागावलो की दोन्ही एकदम, अशी आमची बोली. वडील लग्नाचे सूट शिवायचे. मी काळ्या रंगावर आलो आणि तिथेच रमलो, कारण लग्नाचा सूट माणूस एकदाच शिवतो, वकिलाचा कोट मात्र दर दोन वर्षांनी कोपरात विरतो.

वकील कोटाच्या ट्रायलला आला की अर्धा तास हात पसरून उभा असतो. त्याला हलता येत नाही, फोन घेता येत नाही, आरशाखेरीज कुठे बघता येत नाही. मग तो बोलतो, आणि मी विचारत राहतो. माझं कायद्याचं सगळं शिक्षण असं झालेलं आहे. कलमांचे आकडे मला तोंडपाठ होते. नवे फौजदारी कायदे आले आणि ते सगळे आकडे बदलले, तेव्हा वकिलांपेक्षा मलाच जास्त वाईट वाटलं असेल. दोनशे एकोणऐंशी म्हणजे बेदरकारपणे गाडी हाकणं, हे मी झोपेतही सांगितलं असतं. ते एका सकाळी दोनशे एक्क्याऐंशी होऊन बसलं. मी दिवसभर कुणाशी धड बोललो नाही.

तोवर गल्लीत माझं नाव झालेलं होतं. कोपऱ्यावरची फुलवाली विचारायला यायची, हवालदाराने स्कूटरची किल्लीच काढून घेतली, त्याला तसं करता येतं का? मी सांगायचो, किल्लीला हात लावायचा त्याला अधिकार नाही, पण तू भर रस्त्यात त्याच्याशी हुज्जत घालू नकोस, गोड बोलून माग. कुणी विचारायचं, लायसन घरी राहिलं तर मोबाईलमधलं चालतं का? चालतं, पण सरकारी ॲपमधलं. नुसता काढून ठेवलेला फोटो नाही. शेजारचा भांडीवाला एकदा तणतणत आला. मेव्हण्याने त्याची मोटारसायकल नेली होती, सिग्नल तोडला होता आणि फोटोसकट नोटीस याच्या मोबाईलवर आली होती. गाडी ज्याच्या नावावर, त्यालाच आधी विचारतात, मी म्हटलं. आता मेव्हण्याचं नाव द्यायचं की घरात शांतता ठेवायची हे तूच ठरव. त्याने शांतता ठेवली. सोळा वर्षांच्या लेकीला स्कूटर द्यावी का, असं विचारणाऱ्या बापाला मी दुकानातच झापलं होतं. तिला पकडलं तर कोर्टात तुला उभं करतील, तिला नाही.

ही सगळी उत्तरं बरोबर होती, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. त्याबद्दल मी कधी काही घेतलं नाही. मला मिळायचा तो मान. कुणी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून “अण्णांना विचार की” म्हणालं आणि ते माझ्या कानावर पडलं, की माझी शिलाई त्या दिवशी सरळ जायची. काज आणि तुरपाई बायकोकडे असते. ती कोपऱ्यात बसून सगळं ऐकायची आणि गिऱ्हाईक गेलं की म्हणायची, “अहो, एक काळा कोट स्वतःसाठी पण शिवून टाका. उगं लोकांना फसवताय.”

माझ्या सगळ्या सल्ल्यांत एक माझा फार लाडका होता. हेल्मेट नाही, नो पार्किंग, उलट्या बाजूने गाडी घातली, असल्या भानगडीत सापडून कोर्टाचं बोलावणं आलेला माणूस पार गळाठून गेलेला असायचा. त्याला मी म्हणायचो, “कबूल कर, दंड भर, मोकळा हो.” हे वाक्य माझं नव्हे. ट्रायलला आलेल्या निदान दहा वकिलांच्या तोंडून मी ते ऐकलं होतं. ज्याला ज्याला मी ते सांगितलं, तो पाच मिनिटांत कोर्टातून बाहेर आला आणि वर मला येऊन धन्यवाद देऊन गेला.

अशात एक दिवस तो आला. शहराबाहेरच्या आनेकल गावचा. घरी आमच्यासारखीच मराठी बोलणारा, तिशीतला, मालकाचा टेम्पो चालवणारा. आठवड्यातून एकदा आमच्या गल्लीत कापडाचे तागे उतरवायचा आणि जाता जाता आमच्याकडे पाणी प्यायचा. बोलणं कमी. त्या दिवसांत मात्र तो खुशीत होता, कारण इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपन्यांना बसगाड्या पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराने त्याला ड्रायव्हर म्हणून घेतो म्हटलं होतं. बांधलेला पगार, घरापासून जवळ, संध्याकाळी वेळेवर मोकळा. अट एकच होती. त्याच्या नावावर काही नाही, असा पोलिसांचा दाखला महिनाअखेरपर्यंत आणून द्यायचा.

मी टेबलावर महागाचं कापड पसरून खडूने खुणा करत होतो. तो दारातच थांबला.

“अण्णा, स्वल्प विचारायचं होतं. कोर्टाचं बोलावणं आलंय. टेम्पोचं.”

“ट्रॅफिकचीच केस ना?” मी मान वर न करता विचारलं.

“तसंच म्हणायचं. एक सायकलवाला पडला होता. पण अण्णा, मी…”

“फार लागलं का त्याला?”

“हाताला, डोक्याला मार बसला. आता बरा आहे म्हणतात.”

“मग झालं तर. कबूल कर, दंड भर, मोकळा हो. नाही म्हणालास तर वर्षभर तारखा पडत राहतील, आणि केस चालू असताना दाखला कोण देणार तुला? हो म्हणालास तर त्याच दिवशी संपलं.”

“कागद तरी बघा की हो,” बायको कोपऱ्यातून म्हणाली.

“बघितला,” मी म्हणालो. बघितला नव्हता. चष्मा गल्ल्यावर होता आणि खडूची रेघ अर्धी झाली होती.

“आणि कोर्टात शिरताना फोन बंद ठेव,” मी त्याला आणखी एक शहाणपण दिलं. “वाजला तर काढून घेतील.” तो “सरी”, म्हणजे बरं, म्हणाला, कागदाची घडी घातली, पाणी प्यायला आणि गेला. मला त्या रेघेचं समाधान वाटलं आणि त्याचंही. दोन कामं एकदम झाली, असं वाटलं.

त्याची तारीख गुरुवारी होती. त्याच गुरुवारी सकाळी आमच्याकडे एक वकीलबाई ट्रायलला आल्या होत्या. मूळच्या पुण्याच्या, लग्न होऊन इथे आलेल्या, आठ वर्षांत कन्नड शिकून फौजदारी कोर्टात खणखणीत उभ्या राहणाऱ्या. त्यांचा जुना कोट अस्तर बदलायला माझ्याकडेच होता, आणि मी तो सगळा उसवून ठेवला होता. नव्या कोटाला डावी बाही लागली होती, उजवी अजून टेबलावर पडून होती. बायका ट्रायलला आल्या की टाचण्या आमची ही लावते आणि मी दोन हात लांब उभा राहून सांगतो. सांगता सांगता मी नेहमीप्रमाणे मिरवायला गेलो.

“आज आमच्या एका माणसाची केस आहे आनेकलला. मी सांगितलंय, कबूल करून टाक म्हणून. दुपारी जेवायला घरी.”

“कसली केस, काका? हेल्मेट?”

“नाही, अपघात. टेम्पोचा. सायकलवाला पडला.”

त्या आरशातून माझ्याकडे बघत होत्या. त्या वळल्या, आणि बायकोच्या हातातली टाचणी हवेत राहिली. “लागलं होतं त्याला? एफआयआर झाली असणार. काका, ही चलानची केस नाहीये. ही क्रिमिनल केस आहे. रॅश ड्रायव्हिंग आणि दुखापत. तो तिथे हो म्हणाला की गुन्हा शाबीत. दंड भरला तरी कन्व्हिक्शन राहतंच. कोर्ट लायसन्ससुद्धा सस्पेंड करू शकतं. उद्या त्या सायकलवाल्याने नुकसानभरपाई मागितली की याचंच ‘हो’ याच्यासमोर ठेवतील.”

“आणि पोलिसांचा दाखला?”

“त्यात तर येणारच ना.” मग त्यांनी विचारलं, “पण त्याची चूक होती का? नेमकं काय झालं होतं?”

मला ते माहीत नव्हतं. मी त्याला विचारलंच नव्हतं. तो सांगत होता आणि मी त्याला सांगू दिलं नव्हतं. बत्तीस वर्षांत माप घेतल्याशिवाय मी एका इंचाला कात्री लावलेली नाही, आणि इथे एका माणसाची सगळी भाकरी मी मान वर न करता कापून टाकली होती.

मी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच असणार, मीच सांगितलं होतं.

“किती वाजले?” वकीलबाईंनी विचारलं. सव्वादहा झाले होते. कोर्ट अकराला बसतं, पण पुकारा व्हायला वेळ लागतो, त्या म्हणाल्या, नशीब असेल तर पोचू. त्यांनी फोनवर गाडी बोलावली. आज त्यांचं एकही काम नव्हतं, म्हणूनच त्या ट्रायलला आल्या होत्या. मग त्यांचं लक्ष स्वतःच्या उजव्या खांद्याकडे गेलं. कोटाशिवाय वकिलाला उभं राहता येत नाही, आणि जुना कोट तुकडे होऊन पडला होता.

“सुईदोरा घ्या आणि गाडीत लावा बाही,” बायको म्हणाली. तिने दोरा ओवून माझ्या हातात दिला, बाही बगलेत दिली आणि मला जवळजवळ ढकललंच.

शहरातून बाहेर पडेपर्यंत गाडी इंच इंच सरकत होती. तेवढ्यात कोट मांडीवर घेऊन मी पुढची अर्धी बाही चांगली बसवली. नंतर इलेक्ट्रॉनिक सिटीकडे जाणाऱ्या उड्डाणपुलावर गाडी लागली आणि हात स्थिर झाला. मी टाके घालत ड्रायव्हरला म्हणालो, “जरा पळव की रे.” वकीलबाई म्हणाल्या, “अजिबात नाही. इथे वेगाचे कॅमेरे आहेत. मी आज एकच केस घेणार आहे, काका, दोन नाही.” मला हसू आलं नाही, पण सांगताना आता येतं. सत्तर-ऐंशी टाके मी घातले असतील आणि प्रत्येक टाक्याला मनात एकच, त्याचं नाव अजून पुकारलेलं नसू दे. खाली उतरल्यावर आनेकलच्या रस्त्याला खड्डे सुरू झाले, दोनदा सुई बोटात गेली, आणि खांद्याच्या मागच्या बाजूला नुसता धावदोरा टाकून मला थांबावं लागलं.

“हात वर करू नका,” मी त्यांना बजावलं. “काहीही झालं तरी उजवा हात वर नाही.”

आम्ही कोर्टाच्या खोलीत शिरलो तेव्हा बारा वाजून गेले होते. माझ्या गळ्यात टेप तशीच होती. तो पिंजऱ्यात उभा होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. समोर न्यायाधीशबाई कागद वाचत होत्या. त्यांनी कन्नडमध्ये शांतपणे सांगितलं, तुम्ही बेदरकारपणे टेम्पो चालवून एका माणसाला जखमी केलंत, असा तुमच्यावर आरोप आहे. हा गुन्हा तुम्हाला कबूल आहे का?

“हौदु,” तो म्हणाला. हो.

मी दाराशीच थांबलो. वकीलबाई मात्र गर्दीतून वाट काढत पुढे गेल्या. मी या आरोपीतर्फे हजर होते आहे, असं मोठ्याने म्हणत त्यांनी नको तेच केलं, उजवा हात वर केला. टर्र असा आवाज सगळ्या खोलीला ऐकू गेला. खांद्यातून पांढरा कापूस बाहेर आला.

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “वकीलबाई, कोट पूर्ण झाल्यावर यायचं होतंत.”

“माफ करा, मेडम. तेवढा वेळ नव्हता.”

न्यायाधीशबाईंनी त्याला विचारलं, “या तुमच्या वकील आहेत का?” त्याने त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. तो गोंधळून इकडे तिकडे बघायला लागला आणि दाराशी त्याला मी दिसलो. मी मान तुटेल अशी हलवत होतो.

“हौदु,” तो म्हणाला.

खोलीत हशा पिकला. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. “तुम्ही सगळ्यालाच हो म्हणताय,” त्या म्हणाल्या. “मघाशी जे हो म्हणालात, ते कुणाच्या सांगण्यावरून?”

त्याने पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली नेली. “कुणाच्या नाही, मेडम. माझं मीच ठरवलं.”

मला बसवेना. खरं तर मी उभाच होतो, पण आतून जे काही उठायचं असतं ते तेव्हा उठलं. “मी सांगितलं,” मी म्हणालो. “मी वकील नाही, मेडम. मी कोट शिवतो. कागद न बघता मी याला कबूल कर म्हणून सांगितलं.”

पोलिसाने मला गप्प राहा अशी खूण केली. न्यायाधीशबाईंनी हाताने त्याला थांबवलं. माझ्या गळ्यातल्या टेपकडे त्यांनी पाहिलं. “असं आणखी किती जणांना सांगितलंय?”

“हेल्मेटवाल्यांना पुष्कळ, मेडम. अशा केसमध्ये याला एकट्यालाच.” म्हणालो खरा, पण म्हणताना माझी मलाच खात्री नव्हती. कधी कुणाचा कागद मी बघितला होता?

त्यांनी ते पहिलं ‘हो’ लिहून घेतलं नाही. वकिलांशी बोला, जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा विचारते, असं म्हणून त्यांनी पुढचं नाव पुकारायला सांगितलं. मला वाटलं होतं मलाच आत टाकतील. त्यांनी माझ्याकडे परत पाहिलंही नाही.

बाहेर व्हरांड्यात बाक रिकामा नव्हता. त्याने वकीलपत्रावर सही केली ती माझ्या पाठीवर कागद ठेवून. मग वकीलबाई त्याला म्हणाल्या, “आता काय झालं ते पहिल्यापासून सांग. घाई नाहीये.” एवढंच वाक्य. माझ्या दुकानात ते कुणी कधी ऐकलं नव्हतं.

तो सांगायला लागला. सकाळची वेळ होती, टेम्पो रिकामा होता. पुढे बऱ्याच अंतरावर एक म्हातारा सायकलवर चालला होता. रस्त्याच्या कडेला खणून ठेवलेलं होतं, वाळू पसरली होती, त्यात सायकलचं चाक घसरलं आणि म्हातारा डोक्यावर आपटला. टेम्पो तिथवर पोचलाही नव्हता. याने गाडी थांबवली, म्हाताऱ्याला उचलून मागे झोपवलं, दवाखान्यात नेलं, स्वतःचं नाव आणि गाडीचा नंबर दिला आणि तो शुद्धीवर येईपर्यंत बसून राहिला. त्याआधीच म्हाताऱ्याचा पुतण्या आला. ज्याने आणला त्यानेच उडवला असणार, असं त्याला वाटलं, आणि त्याने तशी तक्रार दिली.

“मदत करणाऱ्याला नाव द्यावंच लागतं असं नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “कायद्याने तुला कुणी अडवू शकलं नसतं.”

“मला कुणी विचारलं नाही,” तो म्हणाला. “मीच दिलं. म्हाताऱ्याच्या घरच्यांना कळायला नको का, कुणी आणलं ते?”

मला त्याच्याकडे बघवेना. मी भिंतीवरच्या नोटिसा वाचायला लागलो.

मग वकीलबाईंनी त्याला काहीही न लपवता सांगितलं. आज हो म्हणालास तर केस आज संपेल, पण तुझ्या नावावर गुन्हा राहील. नाही म्हणालास तर केस चालेल, वर्ष जाईल, कदाचित जास्त, आणि तोवर तुला कोरा दाखला मिळणार नाही. म्हणजे ही नोकरी गेली असंच धर. त्याने घाम पुसला आणि माझ्याकडे वळला.

“अण्णा, काय करू?”

कुणीही यावं आणि विचारावं, याची मी बत्तीस वर्षं वाट बघत बसलो होतो. “मला माहीत नाही,” मी म्हणालो. “खरंच माहीत नाही. तुझं तूच सांग.”

तो अंगणातल्या गाड्यांकडे वळला. म्हणाला, “नोकरी दुसरी बघीन. मी त्याला उचललं, अण्णा. पाडलं म्हणून कसं सांगू?”

सुट्टीनंतर त्याला पुन्हा विचारलं. “इल्ला,” तो म्हणाला. नाही. तेवढं बोलताना त्याने मान वर ठेवली होती. वकीलबाई डाव्या हाताने उजवा खांदा धरून उभ्या होत्या.

महिनाअखेरीला कंत्राटदाराने दुसरा ड्रायव्हर घेतला. हे तो मला सांगायला आला तेव्हाही रागावला नव्हता, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. रागावला असता तर मी चार शब्द ऐकून घेतले असते. त्यानंतरच्या प्रत्येक तारखेला मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून आनेकलला गेलो. माझी तिथे काही गरज नव्हती. वकीलबाईंना फी विचारली तर त्या म्हणाल्या, आधी माझी बाही नीट लावा. मी त्यांना तो कोट आणि वर एक नवा, असे दोन शिवून दिले. इतकी चांगली शिलाई मी आजवर कुणासाठी केलेली नाही.

एका तारखेला तो म्हातारा स्वतः साक्षीला आला. कुठल्याशा बंगल्यात माळीकाम करणारा वाळका माणूस. पुतण्याने तक्रार दिली तेव्हा तो बेशुद्ध होता, पुढे त्याला कुणी नीट विचारलंच नव्हतं. न्यायाधीशबाईंनी पिंजऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, यांना ओळखता? “ओळखतो की,” तो म्हणाला. “माझी सायकल वाळूत घसरली. यांनी मला दवाखान्यात नेलं. माझ्या चपलासुद्धा शोधून आणल्या होत्या.” चपलांचं आमच्या टेम्पोवाल्याने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. पुढे दोन महिन्यांनी तो निर्दोष सुटला. आम्ही चौघांनी, म्हणजे तो, वकीलबाई, मी आणि खास त्या दिवसासाठी आलेली माझी बायको, कोर्टासमोरच्या हॉटेलात डोसे खाल्ले. तो दोन खाऊन तिसरा मागवताना लाजत होता. बायकोने त्याच्यासाठी तिसरा आणि चौथाही सांगितला.

त्याला कोरा दाखला मिळाला. त्याच कंत्राटदाराकडे पुन्हा जागा झाली आणि या खेपेस त्याला घेतलं. माझ्या दुकानात आता शनिवारी संध्याकाळी वकीलबाई तासभर येऊन बसतात. लोक अजून मलाच विचारतात. मी चष्मा लावतो, कागद पूर्ण वाचतो, काय झालं ते सांग म्हणतो, आणि जिथे एफआयआर दिसते तिथे तोंडाला कुलूप लावून शनिवारी या म्हणतो. हेल्मेटवाल्यांना मात्र मीच सांगतो. तेवढी हौस बायकोने मला ठेवू दिली आहे. दिवस चांगले चालले आहेत.

परवा तो आला होता. कंपनीने दिलेल्या गणवेशाची पँट त्याला चार बोटं लांब झाली होती. तो आरशासमोर उभा राहिला आणि मी खाली बसून लांबी दुमडत होतो. इतके दिवस मनात होतं ते मी तेव्हा विचारलं. “त्या दिवशी मेडमनी विचारलं तेव्हा माझं नाव का नाही घेतलंस? मीच तर तुला त्यात लोटलं होतं.”

“तुमचं नाव सांगितलं असतं आणि त्यांनी तुम्हाला हे बंद करायला लावलं असतं तर?” तो म्हणाला. “वकिलाच्या दारात पाय ठेवायची आमची छाती होत नाही, अण्णा. पोलिसाला तर विचारायलाच नको. तुमच्याकडं पाणी प्यायच्या निमित्तानं येता येतं.”

नोकरी, लायसन, सगळं पणाला लागलेलं असताना त्या पिंजऱ्यात उभं राहून त्याने माझ्या दुकानाची काळजी केली होती. मी मान खाली घालून दुमडीवर हात फिरवत राहिलो. मला रडू येत होतं आणि ते मी लपवलं नाही. “अक्का, अण्णांना पाणी द्या,” तो वरूनच माझ्या बायकोला म्हणाला.